लक्ष्मीच्या वाड्यात सरस्वतीचे बिऱ्हाड

दिवाळीच्या खरेदीची यादी प्रत्येक घरी होते. तीत रवा, मैदा, तूप असते. मुलांचे कपडे असतात. सासरच्या मंडळींना द्यावयाच्या भेटी असतात. आणि सर्वांत शेवटी, कागदावर जागा उरलीच तर, 'दिवाळी अंक' असे दोन शब्द असतात. १९०९ साली 'मनोरंजन'कर का. र. मित्र यांनी दिवाळीचा खास अंक काढला, तेव्हापासून मराठी मध्यमवर्गाने फराळाच्या ताटाशेजारी वाचनाला पाट मांडला आहे. पाट मानाचा, पण पंगतीच्या टोकाचा!

लक्ष्मी आणि सरस्वती यांचे फारसे सख्य नाही, असे आपले वाडवडील म्हणत आले. तरी मध्यंतरी पंचवीस-तीस वर्षे आपल्या मोठ्या शहरांतून या दोघींनी एकत्र राहून पाहिले. लक्ष्मीने झगझगीत वाडा बांधला, त्याला मॉल हे नाव दिले, आणि वरच्या मजल्यावर सरस्वतीला बिऱ्हाड करून दिले. ते बिऱ्हाड कसे थाटले गेले, कसे भरभराटले आणि पुढे गाठोडे कसे आवळावे लागले, ती हकीकत सांगावी असा या खेपेचा बेत आहे.

"कोयनानगरात राहून यांना मॉलच्या चौकश्या कशाला?" असे एखादी वाचक भगिनी विचारील. प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे मोठे म्हणण्याजोगे बांधकाम एकच, ते म्हणजे धरण. आणि त्यात पुस्तके मिळत नाहीत. पुस्तक हवे झाले तर आम्ही कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठावे, नाही तर नदीच्या कडेकडेने पाटणवरून कऱ्हाडला जावे. घरी आणलेले पुस्तक पावसाळाभर जपणे हा आणखी एक उद्योग. आमच्या पावसात कपाटातल्या पुस्तकांनाही बुरशी येते, बांधणी सुटते, कसर लागते. आश्विनातले ऊन पडले की आमच्या अंगणात गाद्यांबरोबर पुस्तकेही वाळत पडतात. अशा ठिकाणचा माणूस पुस्तकाच्या दुकानाकडे तहानेल्याच्या नजरेने पाहतो, मग तो शिवसागराच्या काठी का राहत असेना!

जुनी पुस्तकांची दुकाने आठवून पाहा. दारात आडवे टेबल, टेबलामागे मालक, मालकामागे पुस्तके. गिऱ्हाईक आणि पुस्तक यांच्यामध्ये मालकाचा जागता पहारा असे. नाव सांगावे, त्याने ते काढून द्यावे, आपण पैसे मोजून बाहेर पडावे. दोन पाने अधिक उलटली की, "वाचायचं असेल तर वाचनालयात जा" हे वाक्य ऐकण्याची तयारी ठेवावी लागे. दुकानदार वाईट नव्हता. त्याची जागा चार खणांची, भांडवल बेताचे आणि मळलेली प्रत कोणी घेत नाही, ही त्याची अडचण. पण नाव माहीत असल्याशिवाय पुस्तक हाती लागत नसे, ही मात्र वाचकाची अडचण होती.

या पद्धतीला छेद देणारे दुकान १९९२ च्या ऑक्टोबरात मुंबईला महालक्ष्मीजवळ निघाले. नाव 'क्रॉसवर्ड'. आर. श्रीराम आणि त्यांचे सहकारी यांनी ते काढले. पुस्तके गिऱ्हाइकाच्या हाताला लागतील अशी उघड्यावर मांडलेली, विषयवार पाट्या लावलेल्या, लहान मुलांसाठी निराळा कोपरा, बसायला आसने, आणि बसले तरी कोणी उठवायला येत नाही! पुस्तक न घेता बाहेर पडणाऱ्या माणसाकडे विक्रेत्याने हसून पाहावे, ही गोष्ट आपल्याकडे तेव्हा अपूर्वाईची होती. आधी वर्षभर, १९९१ साली, अंधेरीला 'शॉपर्स स्टॉप'ने कपड्यांच्या बाबतीत असाच प्रयोग आरंभला होता. गिऱ्हाइकाला मालाजवळ जाऊ द्या, तो हाताळू द्या, वेळ घालवू द्या. विक्री आपोआप होईल, असे या नव्या दुकानदारीचे सूत्र होते.

सूत्र खरे ठरले. १९९९ साली हाजीअलीला 'क्रॉसरोड्स' उघडला आणि मुंबईकरांना मॉल म्हणजे काय ते कळले. पुढे प्रत्येक नव्या मॉलला एखादे पुस्तकांचे दुकान हवेसे वाटू लागले. कारण पुस्तकांमुळे वाड्याला भारदस्तपणा येतो. बैठकीच्या खोलीत ज्ञानकोशाचे खंड ठेवतात, तशातलाच हा प्रकार. 'क्रॉसवर्ड'ची दुकाने शहरोशहरी निघाली. १९९८ पासून या साखळीने भारतीय लेखकांसाठी आपल्या नावाचे पारितोषिक ठेवले. चेन्नईला हेमू रामय्या यांनी १९८७ साली काढलेले 'लँडमार्क' पश्चिमेकडे सरकत मुंबई-पुण्याला आले. मोठ्या उद्योगांच्या नजरेतही हा धंदा भरला. २००५ साली टाटांच्या 'ट्रेंट'ने 'लँडमार्क' हाती घेतले. आणि त्याच सुमारास 'क्रॉसवर्ड' पूर्णपणे 'शॉपर्स स्टॉप'च्या घरी नांदू लागले.

या वैभवाचा कळस म्हणावा असा दिवस २१ जुलै २००७. हॅरी पॉटरचा सातवा आणि शेवटचा भाग त्या दिवशी जगभर प्रसिद्ध झाला. आपल्या शहरांतून भल्या सकाळी दुकाने उघडली आणि पुस्तकासाठी पोरांच्या रांगा लागल्या. साखरेसाठी, रॉकेलसाठी, नाट्यगृहाच्या तिकिटासाठी रांगा लावलेल्या आईबापांनी त्या दिवशी पुस्तकाच्या रांगेत मुलांचे डबे आणि छत्र्या सांभाळल्या. मौज अशी की, ज्या वर्षी हा सोहळा झाला त्याच वर्षी बंगलोरात सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल या दोघा तरुणांनी 'फ्लिपकार्ट' नावाचे दुकान काढले. या दुकानाला ना दार, ना पाटी, ना आसने. आणि पहिला माल कोणता, तर पुस्तके!

वाड्यातल्या बिऱ्हाडाचे दिवस कसे फिरले, हे समजायला थोडा हिशेब मांडावा लागेल. साहित्याच्या माणसाने हिशेब मांडू नये असा संकेत आहे. पण गृहिणींना हा हिशेब चटकन कळेल.

दोनशे रुपयांचे पुस्तक धरा. त्यावर किंमत छापलेली असते. दुकानदाराला ती वाढवता येत नाही. प्रकाशकाकडून किंवा वितरकाकडून त्याला शेकडा तीस-चाळीसच्या घरात कमिशन मिळते. म्हणजे हाती पडले साठ ते ऐंशी रुपये. यांतून जागेचे भाडे, दिवे, थंड हवा, नोकरांचे पगार, आणि पिशवीत 'चुकून' गेलेल्या प्रतींचा तोटा भागवायचा. शेजारचा कपडेवाला मालावर घसघशीत नफा ठेवू शकतो, हंगाम संपला की निम्म्या किमतीत विकूनही तरतो. चपलावाल्याचे, अत्तरवाल्याचे तेच. पुस्तक मात्र फळीवर महिनोन् महिने आपल्या वाचकाची वाट पाहत उभे राहते, आणि ते उभे असलेल्या प्रत्येक चौरस फुटाचे भाडे चालूच असते. वाड्याच्या मालकाला सरस्वतीबद्दल आदर असतो. पण भाडे तो सर्वांना एकाच मापाने लावू पाहतो. त्यात करांची एक गंमत आहे. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, ही चांगलीच गोष्ट. परंतु दुकानाच्या भाड्यावर तो शेकडा १८ द्यावा लागतो. कपडेवाला आपल्या विक्रीवरच्या करातून ही रक्कम वळती करून घेतो. पुस्तकवाल्याच्या मालावर करच नाही, तेव्हा वळती कशातून करायची? त्याला ती खिशातून भरावी लागते.

मग व्हायचे तेच झाले. दाराशी पेने आली, पेनांमागून वह्या आल्या, वह्यांमागून चित्रे छापलेले पेले, बाहुल्या, कोडी, दप्तरे आली. त्यांवर नफा बरा सुटतो. पुस्तके हळूहळू भिंतीकडे आणि तिथून आतल्या कोपऱ्याकडे सरकली. घरमालकाच्या मर्जीसाठी भाडेकरणीने स्वयंपाकघर भाड्याने द्यावे आणि स्वतः माळ्यावर जेवावे, तशी अवस्था!

याच वेळी ते बिनदाराचे दुकान वाढत होते. त्याला मॉलचे भाडे नव्हते. गुदाम गावाबाहेर, आणि पाठीशी भांडवलदारांचा पैसा. दुकानदाराचे जेवढे कमिशन, जवळजवळ तेवढी सूट तो गिऱ्हाइकालाच देऊ लागला. २०१० पासून 'पुस्तक हाती पडल्यावर पैसे द्या' अशीही सोय झाली. आमच्या आजोबांच्या पिढीला यात नवल वाटले नसते; व्ही. पी. पी. ने ग्रंथ मागवून पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनीच. १८७७ पासून रेल्वेच्या फलाटांवर पुस्तके विकणाऱ्या व्हीलरच्या देशात जुनीच वहिवाट नवी वस्त्रे लेवून आली, एवढेच. २०१३ साली 'अॅमेझॉन'ही भारतात उतरले. आता मॉलमधल्या दुकानात लोक येत, थंड हवेत बसत, पुस्तक चाळत, मोबाइलवर मुखपृष्ठाचा फोटो काढत आणि घरी जाऊन दुसरीकडून मागवत. दुकान बिचारे दुसऱ्याच्या मालाचे शोकेस झाले.

'लँडमार्क'ची दुकाने त्या दशकात एकामागून एक उठली. 'क्रॉसवर्ड'नेही हातपाय आखडले. २०२० च्या मार्चमध्ये करोनाने मॉलची दारेच बंद केली. पुढच्या वर्षी 'शॉपर्स स्टॉप'ने ही साखळी पुण्याच्या अगरवाल बिझनेस हाउसला विकण्याचा करार केला. सातासमुद्रापलीकडेही वेगळे घडले नव्हते. अमेरिकेत १९७१ साली निघालेल्या 'बॉर्डर्स'ने २००१ मध्ये आपली इंटरनेटवरची विक्री चक्क 'अॅमेझॉन'कडेच सोपवली. आणि २०११ साली उरलेल्या सुमारे चारशे दुकानांना कुलपे लावून ती साखळी नाहीशी झाली. मांजराला दुधाची राखण दिल्याचे याहून मोठे उदाहरण व्यापारात विरळा.

आता प्रश्न असा की, या सगळ्याचे सुतक कोणी पाळायचे?

मराठी वाचकाने फार गळा काढू नये, असे काही मित्रांचे म्हणणे आहे, आणि त्यात तथ्य आहे. या दुकानांतून मराठीला मिळालेली जागा पुष्कळदा एका फळीपुरती असे. अशाच एका प्रशस्त दुकानात (नाव कशाला सांगू?) मी मराठी पुस्तके कोठे आहेत म्हणून विचारले, तेव्हा तिथल्या मुलीने अत्यंत अदबीने मला पाककृतींच्या पुस्तकांपलीकडच्या खांबामागे नेऊन सोडले. खांबामागे शिवचरित्र, भविष्य आणि लोणची-मुरंबे एकोप्याने नांदत होती. मराठी पुस्तकांचा खरा बाजार पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, दादरला, गावोगावच्या प्रदर्शनांत, साहित्य संमेलनांच्या मांडवांत. आमच्या कऱ्हाडला १९७५ साली दुर्गाबाई भागवतांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरले, २००३ मध्ये पुन्हा भरले. अशा मांडवातून लोक पुस्तकांच्या पिशव्या घेऊन घरी जातात, त्या पिशव्यांना मॉलचा ठसा नसतो.

शिवाय मॉलच्या भाड्यानेच पुस्तकांची दुकाने बुडाली म्हणावे, तर तेही पुरते खरे नाही. मुंबईचे 'स्ट्रँड बुक स्टॉल' १९४८ साली टी. एन. शानभाग यांनी एका सिनेमागृहात लहानशी जागा घेऊन काढले. सवलतीच्या दरात ग्रंथ देणारा आणि गिऱ्हाइकाची आवड लक्षात ठेवणारा हा पुस्तकविक्रेता; २००३ मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री दिली. ते २००९ साली गेले, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत दुकानही गेले. पुण्याच्या कॅम्पातले 'मॅनीज' २०१२ मध्येच बंद झाले होते. ही दोन्ही दुकाने मॉलची भाडेकरी नव्हती आणि वाचकांच्या प्रेमात त्यांना उणे नव्हते. प्रेमाने जागेचे, पगाराचे आणि पुढच्या पिढीच्या आवडीचे प्रश्न सुटत नाहीत.

आणि आमच्यासारख्या आडगावच्या वाचकांनी तर त्या बिनदाराच्या दुकानाला दुवाच द्यायला हवा. जे पुस्तक मिळवायला दोन घाट आणि एक रजा खर्ची पडे, ते कुरियरवाला आता कोयनानगरात आणून देतो. पुण्यामुंबईचे लोक दुकान गेल्याचे दुःख करतात तेव्हा आम्हांला गावातली विहीर बुजल्याचे दुःख ऐकल्यासारखे वाटते. कळते, पण आमच्याकडे विहीर होतीच कुठे?

असे मी काही वर्षे म्हणत असे. एका विद्यार्थ्यामुळे त्यात भर घालावी लागली.

जलाशयाकडेच्या एका वाडीवरचा हा मुलगा. भावाकडे पुण्याला गेला असता मॉल पाहायला गेला आणि चुकत माकत पुस्तकांच्या दुकानात शिरला. परत आल्यावर वर्ग सुटल्यावर मला म्हणाला,

"सर, तिथं कुणी काही विचारत नाही हो."

"मग किती वेळ होतास?"

"चार तास. भाऊ खाली शोधत होता."

"घेतलंस काय?"

"काही नाही. पैसे नव्हते. पण सर, पक्ष्यांवर एवढी पुस्तकं असतात हे मला माहीतच नव्हतं."

आमच्या सह्याद्रीत जन्मलेला, पाखरांच्या शिळेवरून त्यांची नावे सांगणारा पोर! पक्ष्यांवर पुस्तके असतात हे त्याला अभ्यासक्रमाने सांगितले नव्हते, आणि मराठीचा मास्तर असून मीही कधी सांगितले नव्हते. फोनवर पुस्तक मागवणे त्याला सहज जमले असते. पण मागायला आधी नाव माहीत हवे. न मागितलेले पुस्तक माणसाच्या वाटेत येणे, हीच तर दुकानाची खरी कामगिरी. इंटरनेटवरचे दुकान तुम्ही काल काय घेतले ते पाहून तसलेच आज पुढे करते. ज्याने काल काहीच घेतले नाही, त्याच्या पुढे ते काय ठेवणार?

म्हणून माझे दुःख एखाद्या कंपनीच्या पाटीसाठी नाही. पैसे नसताना चार तास पुस्तकांत उभे राहता येईल अशा जागा किती उरल्या, एवढीच काळजी आहे.

आमच्या गावाला भरती-ओहोटीची सवय आहे. धरणाच्या कामाने १९५० नंतरच्या वर्षांत इथे वसाहत उभी राहिली, इंजिनियर आले, मजूर आले, बाजार भरला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. सुमारे पावणेदोनशे माणसे दगावली, घरे भुईसपाट झाली. धरण टिकले. कामे संपत गेली तशी माणसेही पांगली. दुसऱ्या कशासाठी तरी जमलेल्या गर्दीवर विसंबून राहिलेल्या बाजाराचे काय होते, हे आम्हांला कोणी शिकवायला नको. मॉलमधल्या पुस्तकांच्या दुकानाचे तेच झाले. गर्दी होती; ती कपड्यांसाठी, सिनेमासाठी, खाण्यासाठी आलेली. जाता जाता पुस्तकात डोकावणाऱ्यांनी दुकान गजबजले, पण भाडे निघाले नाही.

त्याच १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, हे आपण विसरतो. गावोगावची वाचनालये त्या आधारावर उभी आहेत. अनुदान तुटपुंजे, पगार त्याहून तुटपुंजे, तरी उभी आहेत. आमच्याच सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळच्या भिलारला ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचे गाव' सुरू झाले. स्ट्रॉबेरीच्या त्या गावात लोकांनी आपल्या घरांत, ओसरीवर, देवळात पुस्तकांना जागा दिली. कोणीही यावे, बसावे, वाचावे. तिथे सरस्वती लक्ष्मीच्या वाड्यात राहत नाही. शेतकऱ्याच्या पडवीत राहते, आणि भाड्याचे नाव निघत नाही.

दुकानांचीही गोष्ट अगदीच संपलेली नाही. 'क्रॉसवर्ड' नव्या मालकांच्या हाती गेल्यावर पुन्हा दुकाने काढू लागले आहे. २०२३ पासून पुण्यात डिसेंबरला भरणाऱ्या पुस्तक महोत्सवाला तरुणांची झुंबड उडते. अमेरिकेतल्या 'बार्न्स अँड नोबल' या साखळीचीही घसरण चालली होती. २०१९ साली तिची सूत्रे जेम्स डाँट या इंग्रज पुस्तकविक्रेत्याकडे आली, आणि त्याने एक साधी गोष्ट केली: कोणती पुस्तके पुढे मांडायची हे मुख्य कचेरीने न ठरवता त्या त्या गावच्या दुकानातल्या माणसाने ठरवावे. म्हणजे फिरून तोच आडव्या टेबलामागचा जाणता मालक. फक्त आता त्याने टेबल बाजूला सारले आहे. ही साखळी पुन्हा नवी दुकाने उघडू लागली. पुस्तके विकायला पुस्तके वाचणारा माणूस लागतो, हे शहाणपण शिकायला जगाला तीस वर्षे आणि कित्येक दुकाने खर्च करावी लागली.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या यादीतली ती शेवटची ओळ या वर्षी जरा वर घ्या. सूट मिळते तिथून खुशाल मागवा, आम्हीही मागवतो. पण भाऊबीजेच्या आधी एकदा मुलांना घेऊन जवळच्या पुस्तकांच्या दुकानात जा. यादी नेऊ नका. मुलांना तासभर सोडून द्या आणि तुम्ही भिंतीशी उभे राहा. मुले काय उचलतात त्याकडे लक्ष द्या. मात्र "हे नको, ते घे" म्हणू नका. निघताना एक तरी पुस्तक छापील किमतीला विकत घ्या. त्यातले जे चार पैसे जास्त जातील, ते पुढच्या वेळी बिनपैशाच्या एखाद्या पोराला चार तास उभे राहू देण्याचे भाडे समजा.

आमच्या त्या विद्यार्थ्याला मी नंतर पक्ष्यांवरचे एक पुस्तक आणून दिले. आठ दिवसांनी त्याने ते परत आणले, तेव्हा समासात पेन्सिलीने दोन ठिकाणी लिहिले होते, 'आमच्याकडे याला वेगळे नाव आहे.' पुस्तक मी त्यालाच ठेवायला सांगितले. आता उरलेली नावेही लिहून काढ, म्हटले.